आहूखाना कुणाचा?

बऱ्हाणपूरला जाऊन आलेल्या आपल्या समाजातल्या बायका एक प्रश्न हमखास विचारतात. "तापीपलीकडच्या गावाचं नाव म्हणे जैनाबाद. तिथे आपलीच वस्ती असणार ना?" तर नाही. त्या नावाचा आपल्याशी काही संबंध नाही. 1400च्या सुमारास फारुकी घराण्यातल्या नसीर खानाने तापीच्या दोन काठांवर दोन गावं वसवली. एकाला सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं नाव दिलं, ते बऱ्हाणपूर. समोरच्या गावाला शेख झैनुद्दीन यांचं नाव दिलं, ते आपल्या तोंडी जैनाबाद झालं. दारावरच्या पाटीवरून घर ओळखू नये म्हणतात ते काही खोटं नाही.

या जैनाबादेत एक जुनं घर आहे, त्याविषयी मला लिहायचं आहे. त्याचं नाव आहूखाना. फारसीत आहू म्हणजे हरीण. तेव्हा हे हरणांचं घर. मोगल घराण्याचा तो मळा म्हणा, बागेतलं घर म्हणा. नदीच्या या काठावर शाही किल्ला, तिथे दरबार, फौज, हिशेब, कटकटी. होडीने पलीकडे गेलं की बाग, सावली, आंब्याची झाडं. आपल्याकडे गावात वाडा आणि शिवारात मळ्यातलं घर असतं ना, तोच प्रकार, फक्त बादशाही मापाचा.

पुस्तकाचं परीक्षण करतात, नाटकाचं करतात, तसं घराचंही करायला हवं असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे. आपण करतो काय, तर कमानी मोजतो. नक्षीला हात लावून पाहतो, "त्या काळी असं काम कसं केलं असेल!" म्हणतो, आणि परत येतो. कमानींनी घर दिसतं, पण कळत नाही. त्या घरात कोण आपल्या मर्जीने राहिलं आणि कोणाला तिथे ठेवलं गेलं, असं विचारू लागलं की ते कळायला लागतं. आहूखान्याला मी हाच प्रश्न घेऊन गेले.

आधी बांधणीकडे पाहू. आज तिथे बारादरी आहे आणि महालाचे अवशेष आहेत. बारादरी म्हणजे बारा दारांची वास्तू, चौकोनाच्या प्रत्येक बाजूला तीन तीन. उष्ण मुलखासाठी ही रचना फार शहाणी आहे. वारा कुठूनही आला तरी त्याला वाट सापडते. ऊन कुठल्याही बाजूला असलं तरी उरलेल्या बाजूंना सावली असते. खानदेशातला आणि निमाडातला उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना याचं मोल सांगायला नको. वैशाखात बऱ्हाणपुरात दुपारी दार उघडलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं वाटतं. बागेतल्या पाण्यावरून येणारा वारा त्या बारा दारांतून फिरत असेल तेव्हा बसणाऱ्याला किती बरं वाटलं असेल! ही दाद मी मोकळ्या मनाने देते.

पण बारादरीत चूल नसते. न्हाणी नसते, धान्याची कोठी नसते, बाळंतिणीची खोली नसते. बारादरी म्हणजे बसण्याची जागा. तिथे बसणाऱ्यांसाठी रांधायचं कुठे, पाणी कोण भरायचं, माळी कुठे निजायचे, ते सगळं आजूबाजूच्या कच्च्या घरांत असणार, आणि कच्चं ते मातीला मिळालं. जुन्या घरांच्या बाबतीत हे सगळीकडेच होतं. बैठक टिकते, मुदपाकखाना जातो. मग इतिहास लिहिणारा बैठकीचाच लिहितो, कारण त्याला तीच दिसते.

आता हरणांकडे येऊ. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला आणि खानदेश आपला मुलगा दानियाल याच्याकडे सोपवला. या प्रांताला काही काळ त्याच्या नावावरून दानदेश असंही म्हणत. आहूखाना त्याच्या काळात शिकारीची जागा म्हणून सुरू झाला असं सांगतात. दानियाल 1605 मध्ये बऱ्हाणपुरातच वारला, दारूच्या व्यसनाने. सासरा अब्दुर्रहीम खानखाना याने पहारे बसवले, तर नोकरांनी बंदुकीच्या नळीतून दारू आणून दिली. हे त्याच्या भावानेच, म्हणजे जहांगीरने, आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

आपल्यासाठी यात एक टोचणारी गोष्ट आहे. याच अकबराने हीरविजयसूरींना फत्तेपूर सिक्रीला बोलावलं, त्यांना जगद्गुरू म्हटलं, आणि पर्युषणाच्या दिवसांत प्राणिहत्या बंद ठेवण्याचं फर्मान काढलं. आपण ते अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण त्याच घराण्यात हरणं पाळून, कोंडून, चित्ते सोडून त्यांची शिकार करणं हा आवडता खेळ होता. लाडही आणि शिकारही. जहांगीरने तर आपल्या एका लाडक्या हरणाच्या आठवणीत लाहोरजवळ शेखूपुऱ्याला मनोरा उभारला, तो हिरण मिनार. हरणावर जीव असणं आणि हरणाला मोकळं सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मनोऱ्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

हरणांचं कुंपण म्हटलं की आपल्या घरात वाढलेल्या कुठल्याही मुलीला नेमिनाथ आठवतील. उत्तराध्ययन सूत्राच्या 22व्या अध्ययनात ती कथा आहे. लग्नाची वरात निघालेली, वाटेत वाड्यांत आणि पिंजऱ्यांत कोंडलेले प्राणी दिसले. अरिष्टनेमींनी सारथ्याला विचारलं, हे इथे का? सारथी म्हणाला, तुमच्याच लग्नाच्या जेवणासाठी. आणि रथ मागे फिरला. आपण ही गोष्ट करुणेची म्हणून सांगतो. मला ती परीक्षणाचीही वाटते. मंडप सुंदरच असणार, तोरणं लागली असणार. पण त्या माणसाने तोरणाकडे पाहिलं नाही. मागच्या कुंपणाकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. घर पाहण्याची ही रीत आपल्याकडे शिल्पकलेच्या पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून आहे.

त्या कथेत राजुल आहे. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, लग्न ठरवतानाही नाही आणि मोडतानाही नाही. तरी पुढचा निर्णय तिने स्वतः घेतला, आणि पुढे गुहेत रथनेमीचं मन चळलं तेव्हा त्याला खडसावणारीही तीच. आहूखान्यात अशा दोन बायकांच्या कहाण्या अडकल्या आहेत, ज्यांना राजुलसारखं बोलायची संधी मिळाली नाही.

पहिली तुम्हांला ठाऊकच आहे. शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ ठोकून होता. 17 जून 1631 रोजी मुमताजमहल तिथे वारली. वय 38, बाळंतपण चौदावं. चौदांतली सात मुलंच जगली. शेवटची मुलगी गौहरआरा जगली आणि पुढे 1706 पर्यंत होती. आईला तापीपलीकडे जैनाबादच्या बागेतल्या वास्तूत तात्पुरतं दफन केलं. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, शहाजादा शुजा तो देह घेऊन आग्र्याला निघाला. पुढचं सगळं जग सांगतं.

बऱ्हाणपुरात या गोष्टीला एक शेपूट आहे. ताजमहाल खरं तर इथेच व्हायचा होता, तापीकाठची माती धरली नाही म्हणून आग्र्याला गेला, असं तिथे ज्याला त्याला सांगताना ऐकू येतं. सांगणाऱ्याच्या आवाजात जरा हळहळ असते, आपल्या गावचं काहीतरी हुकल्यासारखी. मला ही हळहळ कळते, पण पटत नाही. गावाने कशाचं दुःख धरायचं? एका बाईचा चौदाव्या बाळंतपणात जीव गेला याचं, की तिच्यावरची इमारत दुसऱ्या गावाला मिळाली याचं? प्रेमाची निशाणी म्हणून आपण फोटो काढतो. एकोणीस वर्षांच्या संसारात चौदा बाळंतपणं हा आकडा ज्या बायकांनी स्वतः बाळंतपणं काढली आहेत त्यांनी एकदा मोजून बघावा. सारखे तळ हलत होते, लढाया चालू होत्या, आणि ती बरोबर फिरत होती. तिच्या मर्जीचं काय होतं ते आपल्याला कोणीच सांगत नाही.

आणि बाहेर काय चाललं होतं? 1630 ते 1632 ही गुजरात, खानदेश आणि दख्खनच्या भयंकर दुष्काळाची वर्षं. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी 1630 मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. वाटेत मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या माणसांची वर्णनं त्याने करून ठेवली आहेत. दरबारी इतिहासकार लाहोरी लिहितो की बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायला सांगितले. दिले, ते चांगलंच केलं. पण त्याच शिवारात, त्याच नदीच्या पाण्यावर, एक बाग हिरवी ठेवली जात होती हेही त्याच वर्षांतलं. घराचं परीक्षण करताना कुंपणाबाहेर काय होतं हे लिहायलाच हवं. दुष्काळात ज्याच्या मळ्यात पाणी आहे त्याने ते कोणाला दिलं, यावरून आपल्या खेड्यांत अजूनही घराण्याची किंमत ठरते.

पाण्याचं निघालंच आहे तर बऱ्हाणपूरचं खरं वैभव कोणतं, हेही सांगते. 1615च्या सुमारास, खानखान्याच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपतं पाणी जमिनीखालच्या नाल्यांनी शहरात आणलं. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. शंभराहून जास्त विहिरीसारख्या कुंड्या एकामागे एक, खालून बोगद्याने जोडलेल्या. ना मोट, ना बैल. पाणी नुसत्या उताराने येतं. त्याच्या कुंड्यांत आजही पाणी आहे. आहूखान्यावर लेख येतात, कुंडी भंडाऱ्यावर कमी. डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाईने यादी केली असती तर क्रम नक्की उलटा लागला असता.

दुसरी कहाणी हिराबाईची. मुमताजच्या मृत्यूला वीसेक वर्षं झाली होती. औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हाची गोष्ट. दोन जुन्या फारसी ग्रंथांत ती थोड्याफार फरकाने येते. एक 'मासिर-उल-उमरा', दुसरा 'अहकाम-इ-आलमगिरी', ज्याचा इंग्रजी अनुवाद इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी केला. शहाजाद्याची मावशी बऱ्हाणपुरात होती. तिच्या घरातली हिराबाई बागेत आली, आंब्याला फळं लगडलेली पाहून तिने उडी मारून एक तोडलं, म्हणजे शहाजाद्यासमोर अदब राखली नाही. आणि त्याचं मन गेलं. ही बाग म्हणजे आहूखाना. दुसऱ्या ग्रंथात पुढचा तपशील आहे, तो सांगणारे सहसा गाळतात. हिराबाईच्या बदल्यात औरंगजेबाने आपल्या जनान्यातली छत्तरबाई मावशीच्या घरी दिली. एक बाई द्यायची, एक घ्यायची. हिराबाई पुढे फार जगली नाही.

या गोष्टीला लोक प्रेमकथा म्हणतात. मला त्यात एकच क्षण आवडतो, तो उडीचा. आंबा हवा होता, उडी मारली, तोडला. त्या सबंध बागेच्या इतिहासात कोणी बाई स्वतःच्या मर्जीने काही करताना दिसते ती तेवढीच. त्यानंतर ती झाली जैनाबादी महल; नाव गेलं, गावाचं नाव चिकटलं. छत्तरबाईला काय वाटलं याची तर कोणी एक ओळही लिहिली नाही. आणि ज्या बागेत आईची पहिली कबर झाली, तिथेच मुलाने मावशीकडून एक बाई मागून घेतली, याचं कोणाला काही वाटल्याचं दिसत नाही. आहूखाना नाव त्या घराला शोभतं. हरणं तिथे फक्त चार पायांची नव्हती.

"हे सगळं बादशहांचं, ताई, आपलं काय?" असं कोणी विचारील. म्हणून आता नदीच्या या काठावर येते, आपल्या मळ्यांत.

खानदेशात, रावेर-यावलपासून बऱ्हाणपूरपर्यंत, मळ्यातली जुनी घरं बहुतेक धाब्याची. सागाचे खांब, त्यावर कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या, वर मातीचा जाड थर आणि शेवटी खारी माती. ही माती पाऊस झिरपू देत नाही, पण दरवर्षी मृगाच्या आधी नवी टाकावी लागते. जाड भिंती, लहान खिडक्या. बाहेर दिवस तापला तरी माजघर थंड राहतं. बारादरी वाऱ्याला आत बोलावते, धाब्याचं घर उन्हाला बाहेर ठेवतं. दोन्ही उपाय याच हवेतून सुचलेले. पुढे ओटा, मग ओसरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, बाजूला गोठा, समोर खळं. विहिरीवर मोटेची धाव, मोट रिकामी व्हायची ते थारोळं, तिथून पाट निघून केळीच्या बागेत. बैलांना धाव उतरून जाताना ओढ लागते आणि मागे येताना विसावा मिळतो. जनावराचा विचार त्या उतारात आहे, तो मला नेहमी दिसतो.

आपल्या घरांत आणखी काही खुणा असत. विहिरीचं पाणी कपड्याने गाळून घ्यायचं आणि गाळणीत राहिलेली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत हलकेच सोडायची. त्यासाठी विहिरीच्या काठाशी वेगळी छोटी बादली टांगलेली असे. जेवण सूर्यास्ताच्या आत, म्हणून माझ्या आजोळच्या मळ्यात स्वयंपाकघराला पश्चिमेकडे झरोका होता. दिवा न लावता शेवटची भाकरी थापता यावी एवढा उजेड तो द्यायचा. धर्माने घराची भिंत कुठे फोडायची हे ठरवलं, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. शेतीत जीव मरतात, ही आपल्याकडची जुनी घालमेल. कर्मादानांच्या यादीत जमीन फोडण्याचा धंदाही आहे. पण कृषी माणसाला शिकवली ऋषभदेवांनीच, असंही आपले ग्रंथ सांगतात. मळ्यातलं घर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभं असायचं. बिळं बुजवण्याआधी थांबायचं, तिन्हीसांजेनंतर ओल्या गवतावर चालायचं नाही.

हे घर मला आहूखान्यापेक्षा चांगलं वाटतं, हे उघड आहे. तरी त्यालाही तोच प्रश्न विचारायला हवा, नाहीतर परीक्षण कसलं? घर कुणाचं?

धाब्यावर खारी माती टाकायचं काम बायकांचं. भिंती सारवणं, ओटा पोतारणं, कणग्या लिंपणं, जिवाणी विहिरीत सोडणं, सगळं बायकांचंच. माझी आत्या त्या घरात जन्मली. अठराव्या वर्षी लग्न होऊन जाईपर्यंत दर उन्हाळ्यात तिने ते धाबं लिंपलं. घरातली माणसं गेल्यावर एका भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी एक कागद आला. हक्कसोड. "ताई, नुसती सही. तुझं माहेर काय कुठे जातंय?" तिने सही केली, सगळ्या बहिणी करतात तशी. पुढे त्या घराचं कुलूप बदललं. आत्या गावी गेली की दुसऱ्यांकडे उतरायची आणि मळ्याच्या बांधावर उभी राहून धाबं बघायची. कोणी दुष्ट नव्हतं त्यात. रीतच तशी होती, आणि कायदाही तसाच होता.

तो कायदा कसा होता ते आपल्यातल्या फार थोड्या बायकांना माहीत आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 मध्ये झाला. तो जैनांनाही लागू आहे. त्यात कलम 23 असं होतं की राहत्या घरात मुलीचा वाटा असला तरी पुरुष वारस जोवर वाटणी करायचं ठरवत नाहीत तोवर तिने वाटणी मागायची नाही. घरात राहायचा हक्क तिला, पण कधी? ती अविवाहित असेल, नवऱ्याने टाकलेली असेल, नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल किंवा विधवा असेल तर. म्हणजे तिचं काही बिनसलं तरच माहेरचं दार उघडायचं. सुखी लेकीला घर नाही! हे कलम आपल्या पुस्तकात जवळजवळ पन्नास वर्षं होतं.

आता मुमताजच्या मृत्यूनंतरची एक गोष्ट सांगते. प्रेमकथा सांगणारे तीही गाळतात. तिची मालमत्ता एक कोटी रुपयांहून जास्त निघाली. शहाजहानने त्यातली निम्मी थोरल्या मुलीला, सतरा वर्षांच्या जहांआराला दिली. उरलेली निम्मी बाकीच्या मुलांत वाटली. ते बादशहाची लाडकी म्हणून झालं, सगळ्या मुलींना न्याय म्हणून नव्हे, हे मला कळतं. तरी त्या घराण्यातली लेक 1631 मध्ये आईच्या धनाची मालकीण झाली, आणि माझ्या आत्याला बापाच्या मळ्यातली एक खोली मागता आली नाही. आपण आपल्या घरांचा अभिमान बाळगताना हेही ताटात वाढून घ्यावं.

9 सप्टेंबर 2005 पासून कलम 23 गेलं. शेतजमिनीबाबत जी पळवाट कलम 4(2) मध्ये होती तीही गेली. मुलगी जन्मापासूनच मुलाइतकी सहदायाद झाली. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की 2005 मध्ये वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. 20 डिसेंबर 2004च्या आधी रीतसर पुऱ्या झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात. वडिलांनी स्वतः कमावलेलं ते मृत्युपत्राने हव्या त्याला देऊ शकतात, हेही ध्यानात ठेवावं.

कायदा बदलला, पण भाऊबीजेच्या ताटाशेजारचा कागद अजून येतो. बहिणीने आपला वाटा भावाला द्यावा की नाही, हे मी कोण सांगणार? भावाची ओढग्रस्त असेल, तिचं सगळं छान असेल, तर ती प्रेमाने देईल. दान आपल्याला परकं नाही. पण दान देणाऱ्याच्या हातात ती वस्तू आधी असावी लागते. जे तिचं होतं हे तिला सांगितलंच नाही, ते तिने दिलं असं कसं म्हणायचं? छत्तरबाईनेही काही दिलं नव्हतं.

आहूखान्याच्या बाबतीत आता करण्यासारखं एवढंच की ती वास्तू जपावी आणि तिथे उभं राहून मुमताजबरोबर हिराबाईचं आणि छत्तरबाईचंही नाव घ्यावं. आपल्या घरांच्या बाबतीत पुष्कळ काही करता येईल. धाबी पडताहेत, त्यांच्या जागी स्लॅबचे बंगले येताहेत, आणि ते वैशाखात तापतात. खांब, झरोके, मोटेची धाव यांचे फोटो काढून ठेवा, मापं घेऊन ठेवा, लिंपणाऱ्या बायकांना विचारून मातीचं प्रमाण लिहून ठेवा. आणि घराबरोबर त्याचा कागदही वाचा. बऱ्हाणपूरच्या बाजूला खसरा आणि बी-1, रावेरकडे आलं की सातबारा. त्यावर नाव चढलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, न्यायालयांनी हे कितीदा सांगितलं आहे. पण आपलं नाव तिथे का नाही, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय पक्कं होत नाही, तेव्हा सही करायला निबंधकाच्या कचेरीत जावं लागतं. जायच्या आदल्या रात्री ते घरी आणून, चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून वाचायला कोणाची हरकत नसावी.

ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषी असे सहा उद्योग शिकवले हे आपण मुलांना पाठ करायला लावतो. त्याच कथेत त्यांनी आपल्या दोन मुलींना काय शिकवलं तेही आहे: ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक. म्हणजे वाचता यावं आणि मोजता यावं. सर्व्हे नंबर, क्षेत्र, नाव आणि हिस्सा एवढं त्या कागदावर असतं, आणि त्याला तेवढंच शिक्षण लागतं.